कामठीचा ट्रान्झिस्टर

मागच्या रविवारी कामठीला मामाजींकडे गेलो होतो, मामी माळा साफ करत होती आणि त्यात त्यांचा जुना ट्रान्झिस्टर निघाला. कव्हर फाटलेलं, पट्टा मात्र शाबूत. मामाजी फौजेत, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीत होते, १९८८ मध्ये भारतीय शांतिसेनेत श्रीलंकेला गेले, त्रिंकोमालीला, आणि हा रेडिओ तिथं त्यांच्यासोबत होता. "सेल संपले का जीव कासावीस होये बाप्पा," म्हणाले. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून घरी आल्यावर परदेशातल्या फौजींसाठी रेडिओ कधीपासून आहे ते वाचत बसलो, रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही.

अमेरिकेची आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस २६ मे १९४२ ची. पण त्याच्या आधी, मार्चमध्येच, कमांड परफॉर्मन्स नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता, फौजींनी पत्रातून फर्माईश करायची आणि हॉलिवूडवाल्यांनी ती पुरी करायची. कोणीतरी लिहिलं की कॅरोल लँडिसनं फक्त एक उसासा टाकावा, तर तिनं माइकसमोर उभं राहून खरंच उसासा टाकला. मी तिथं वाचायचा थांबलो थोडा वेळ. हजारो मैलांवर चिखलात बसलेला पोरगा आणि त्याला एका माणसाचा श्वास ऐकायचाय.

पाठवायचं कसं हा वेगळाच प्रश्न. १९४३ पासून व्ही-डिस्क नावाच्या रेकॉर्ड्स फौजींना जाऊ लागल्या, विनाइलच्या, कारण शेलॅकच्या वाटेत फुटायच्या आणि युद्धामुळे शेलॅकचीही टंचाई होती. शेलॅक म्हणजे आपली लाख हो, गोंदियाकडे पळसावर धरतात तीच, जगाला ती मुख्यतः भारतातूनच जायची.

इंग्रजांचं पण होतंच, बीबीसीचा फोर्सेस प्रोग्राम १९४० चा. पण मला खरा धक्का बसला रेडिओ सीॲक वाचून. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनच्या हाताखाली असलेल्या साउथ ईस्ट एशिया कमांडमधल्या (त्याचंच लघुरूप सीॲक) सैन्यासाठी कोलंबोहून चालणारं हे स्टेशन, त्याच्यासाठी एकला नावाच्या गावी १०० किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभारला. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशात वर जाऊन आयनोस्फिअर नावाच्या वातावरणातल्या उंच थरावरून परत खाली येतात म्हणून हजारो किलोमीटर गाठतात, आवाज मधेच खोल जातो, मग परत वर येतो, ते त्याच्यामुळेच. सैन्य गेलं, यंत्र सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे राहिलं, आणि तेच पुढं आपलं रेडिओ सिलोन! १९५२ मध्ये केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. आमची आजी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात दर बुधवारी रात्री आठला ती ऐकायला शेजाऱ्यांकडे जायची, कारण घरी रेडिओच नव्हता. फौजींसाठी लावलेल्या यंत्रावर तिचं तरुणपण गेलं हे तिला कोणी सांगितलं असतं तर फार आवडलं असतं.

मग लोक तिकडं वळले म्हणून आकाशवाणीनं ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली, आणि तिच्यावर फौजी भाइयोंसाठी जयमाला हा फर्माईशी गाण्यांचा कार्यक्रम. आता बघा, मामाजी त्रिंकोमालीत, म्हणजे जिथून आजीची गाणी यायची त्याच देशात, आणि ते संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी इकडची जयमाला लावायचे. तीच वेळ, तेच गाणं, मामी कामठीत स्वयंपाकघरात ऐकत असायची, पोरांना गप्प करून, कुकरसुद्धा खाली उतरवून. फोन नव्हता. पत्राच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं, एपीओ, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर फक्त.

मी मामीला विचारलं, मामाजींचं नाव कधी आलं का फर्माईशीत?

"नाही ना. लय पोस्टकार्डं टाकली म्हणत होते, नाव काही आलं नाही. पण एकदा त्यायच्याच पलटणीतल्या एका पोराचं नाव आलं, मले माहीत होतं ते पोरगं, घरी जेवून गेलं होतं. म्हटलं चला, टपाल निघून राह्यलं तिथून. त्या दिवशी मी पोटभर जेवली."

मामाजी तोवर बाहेर गेले होते, दुकानातून सेल आणायला.