लवंगेची बेराखा

शनिवार, रात्र

कालपासून घसा धरलाय. दुपारी सुंठेचा तुकडा दाढेखाली ठेवला आणि सवयीने बेराखेसाठी (आम्ही ज्यू खाताना, वास घेताना म्हणतो ती देवाच्या स्तुतीची ओळ) ओठ हलले, "बारुख अत्ता..." लगेच थांबले. देवाचं नाव विनाकारण घ्यायचं नाही.

लहानपणी सुंठ चोखताना आजीला विचारलं होतं, यावर कुठली बेराखा म्हणायची? पाट्यावर वाटता वाटता ती म्हणाली, "सुंठेनं पोट भरतं का गो? मग बेराखा कसली?" तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. पण बाराव्या शतकात रांबामने (ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस) नेमकं हेच लिहून ठेवलंय: मिरी आणि आलं ओलं असेल तर 'बोरे पेरी हाअदामा' (जमिनीचं फळ निर्माण करणारा) म्हणा, सुकं असेल तर आधी काही नाही, नंतरही काही नाही. कारण तो मसाला, अन्न नव्हे.

याचं मूळ ताल्मुदात, म्हणजे रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) चर्चांच्या प्राचीन ग्रंथात, त्यातल्या बेराखोथ या भागाच्या 36व्या पानावर. योम किप्पुरला (कडक उपासाचा दिवस, आजीच्या भाषेत दारफळणीचा सण) कुणी मिरी चावली तर उपास मोडल्याची शिक्षा त्याला लागत नाही, असं रावा हा पंडित म्हणतो. आल्याचंही तसंच. त्यावर आक्षेप येतो: नव्या झाडाची पहिल्या 3 वर्षांची फळं खायला मनाई आहे, आणि रब्बी मेईर तो नियम मिरीलाही लावतात. मग मिरी अन्न नाही कशी? उत्तर एवढंच: ते ओल्या मिरीबद्दल, हे सुक्या.

त्याच पानावर भारतातल्या लोकांकडून येणाऱ्या, मुरवलेल्या आल्याचा उल्लेख आहे. ते खायला चालतं, आणि त्यावर 'हाअदामा' म्हणायची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले. बाबिलोनचे रब्बी आपल्या बाजूच्या आल्यावर बोलत होते! मला तर तो आलेपाकाचाच पूर्वज वाटतो.

हिरव्या मिरचीबद्दल ताल्मुद काही सांगत नाही, कारण मिरची अमेरिकेतून आली, फार नंतर. तिच्या बाबतीत माणसं ती कशी खातात हे बघावं लागतं. आमच्या घरी बाबा कच्ची मिरची कचकन चावून खायचे, पण नेहमी भाकरीसोबत. भाकरी तांदळाची, म्हणून 'हामोत्सी' (गव्हासारख्या धान्याच्या पोळी-पावाची बेराखा) नाही, 'मेझोनोथ' (इतर धान्याच्या पदार्थांची). मिरची तिच्या जोडीला, तिची बेराखा भाकरीतच आली. नुसतीच मिरची खाणारा कुणी असेल तर त्याने 'हाअदामा' म्हणावी असं मला वाटतं. त्याच्यापुरती ती भाजीच झाली.

मला या कायद्यातलं हेच आवडतं. तो आधी विचारतो, तू हे खातोस कसं?

आकाशात तीन तारे दिसल्यावर हबदाला (शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपवण्याचा विधी) केली. आजीच्या चांदीच्या डबीत लवंगा आहेत. डबी हातात घेतली, 'बोरे मिने बेसामीम' (सुगंधांचे प्रकार निर्माण करणारा) म्हटलं, खोल वास घेतला आणि डबी मुलांच्या हातात दिली. धाकटीने दोनदा वास घेतला. मेणबत्ती विझवल्यावर त्याच डबीतली एक लवंग घशासाठी तोंडात टाकली. धाकटी माझ्या ओठांकडे बघत होती. ते हलले नाहीत, तेव्हा तिने विचारलं, "आई, आता का नाही म्हटलीस?"