बिल किती कमी आलं?

कोल्हापूरजवळच्या पाचगावात आमच्या घरामागं ३० फुटी पाइपावर वाऱ्यावर वीज करणारा एक घरगुती पंखा फिरतो. दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत जो कुणी तो पहिल्यांदा बघतो, तो मान वर करून घटकाभर थांबतो आणि विचारतो, "मग, लाइटबिल किती कमी आलं?" आजवर मी हसून चहा पुढं केला. परवा भाच्यानंही तेच विचारलं, वर "मामा, मलापण करायचंय" म्हणाला. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदाचं बैजवार सांगतो.

बिल एका रुपयानंही कमी आलेलं नाही. तो पंखा घरच्या मीटरला जोडलेलाच नाही. त्याच्यावर १२ व्होल्टची एक जुनी बॅटरी चार्ज होते, बॅटरीवर जिन्यातला आणि परड्यातला असे दोन दिवे लागतात, मोबाइल चार्ज होतात. संपलं.

मग केला कशाला? ऑगस्ट २०१९ आठवा. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण कधीच गिळली होती. शाहूपुरीतली बहीण पोराबाळांसकट आमच्याकडं आलेली. आम्ही उंचावर, घरात पाणी यायची भीती नव्हती, पण लाइट गेली ती गेलीच. घरात अकरा माणसं आणि चार्जिंग असलेला फोन एक. शेजारच्या गच्चीवरचं सोलर ढगाखाली मुकं बसलेलं, आणि बाहेर वारं असं की दारं आपटत होती. ऊन नसतं तेव्हाच आपल्याकडं वारं असतं, हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला तेव्हा दिसलं.

आता हिशेब, कारण बिलाचा प्रश्न तिथंच सुटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, तिप्पट झाला की सत्तावीसपट. माझा पंखा टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर. सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात, म्हणजे पिंपळाची पानं सळसळतात तेवढ्या, त्याच्या वर्तुळातून जेमतेम २५ वॉटची ताकद जाते. त्यातलीही ५९ टक्क्यांहून जास्त कुठल्याच पंख्याला काढता येत नाही. बेट्झ नावाच्या जर्मन माणसानं शंभर वर्षांपूर्वी हे मांडून ठेवलंय: सगळी ताकद काढून घेतली तर वारं पंख्यामागंच थांबेल, मग पुढचं जाणार कुठं? घरगुती पाती, वाइंडिंग (तारेची वेटोळी), डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारे पुर्जे) यांनी आपापला वाटा खाल्ला की माझ्या हातात पाचवा हिस्सा उरतो. ५ वॉट. वारा ६ मीटर झाला की ४०. आणि हे ४० वॉट सलग २५ तास मिळाले तर एक युनिट! जून ते ऑगस्ट हे जमतंही कधी कधी. दसऱ्यानंतर मात्र शेपटीवर कावळे निवांत बसलेले असतात. साताऱ्याच्या चाळकेवाडीला ठोसेघरच्या सहलीत तुम्ही बघता त्या पवनचक्क्या पठाराच्या डोक्यावर आहेत, त्या उगाच नाही.

पहिला प्रयत्न गाडीच्या जुन्या अल्टरनेटरवर, म्हणजे गाडीची बॅटरी भरणाऱ्या जनित्रावर केला. फसला. त्याला मिनिटाला हजारावर फेरे लागतात आणि माझी पाती चांगल्या वाऱ्यातही साडेतीनशे-चारशेच्या पुढं जात नाहीत. वर त्याच्या फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या कॉइलला, करंट बॅटरीतूनच द्यायचा. म्हणजे बॅटरी भरायची सोडून तो बॅटरीच खात होता.

मग एके दुपारी खाटेवर पडल्या पडल्या वर बघताना डोक्यात आलं. छताचा पंखा! त्याची जन्माची चालच मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेऱ्यांची. वाइंडिंग मध्ये स्थिर, बाहेरची बॉडी फिरती. पाती थेट बॉडीला बोल्ट करायची, पट्टा नको की पुली नको. भंगारातून एक जुना, जड पंखा किलोच्या भावानं आणला. उद्यमनगरात ज्या शॉपमध्ये मी ३१ वर्षं लेथवर उभा होतो, तिथंच जाऊन बॉडी आतून कातली, लोखंडी रिंग बसवली आणि रिंगला १४ चुंबकं चिकटवली, एक उत्तर एक दक्षिण अशी. रिंग लोखंडीच हवी. अॅल्युमिनियमला नुसती चिकटवलीत तर चुंबकांचा जोर बराचसा वाया जातो. सगळ्या कामात नव्यानं विकत घेतलेली वस्तू ही चुंबकंच. हार्डडिस्कमधली काढून बघितली होती, पण त्यांच्या एकाच तोंडावर दोन्ही ध्रुव असतात, डोकं फिरतं.

पंख्याची मूळ तार २३० व्होल्टसाठी, बारीक आणि ढीगभर वेढ्यांची. त्यातून व्होल्टेज येतं, करंट नाही. मला उलटं हवं होतं. वाइंडिंगवाल्या आण्णांकडं गेलो. चालू वाइंडिंग बघून ते म्हणाले, "मिस्त्री, जळालेलं भरून द्या म्हणणारे रोज येत्यात. चांगलं उकरून जाड तार भरा म्हणणारे तुमीच पयले." तरी भरून दिलं. रनिंग आणि स्टार्टिंग दोन्ही कॉइलच्या तारा वेगवेगळ्या बाहेर काढल्या, प्रत्येकीला स्वतंत्र ब्रिज, म्हणजे उलटसुलट करंट बॅटरीसाठी एका दिशेचा करणारे चार डायोड.

जोडून हातानं फिरवला तर गचके. टक, टक, टक, आणि थांबला. प्रत्येक चुंबक स्टॅम्पिंगच्या, म्हणजे ज्यावर तार गुंडाळतात त्या लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याच्या दातासमोर येऊन अडून बसत होतं. सकाळची झुळूक असल्या अडेलतट्टूला काय हलवणार? चौदाही चुंबकं खरवडून काढली (दोन फुटली, एक बोट चेमटलं) आणि जराशी तिरकी चिकटवली. आता फुंकर मारली तरी हलतो असं मी लोकांना सांगतो. फुंकर जरा मोठी लागते.

बाकी सोपं. पाती शेतातल्या सहा इंची पीव्हीसी पाइपातून कापली, बुडाशी रुंद, शेंड्याला निमुळती. वाऱ्याकडं तोंड वळायला मोपेडच्या हँडलचा कोनसेट (हँडल वळतं ते बेअरिंग), शेपटीला तेलाच्या डब्याचा पत्रा. आधी गच्चीवर लावला, ती चूक. कठडा आणि टाकीमुळं तिथं वारं भोवऱ्यासारखं फिरतं आणि स्लॅब घुमतो. "घरात गिरणी घातलीय का?" असं बायकोनं विचारल्यावर तो परड्यात, बोअरच्या पाइपावर, चार ताणांनी बांधला.

एका जुलैच्या रात्री फ्यूज उडाला. बॅटरी म्हणजे या पंख्याच्या मानेवरचं जू. ते निघालं आणि गडी उधळला. आवाजानं जागा होऊन बाहेर येईतो दोन उन्हाळे खाऊन ठिसूळ झालेलं एक पातं तुटून शेजारच्या गच्चीत. सकाळी काकू तो तुकडा पदराखाली धरून दारात. "हे तुमचंच ना?" १८८७ साली स्कॉटलंडात जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकानं सुट्टीच्या घराच्या अंगणात कापडी शिडांची अशीच पवनचक्की केली. उरलेली वीज गावच्या रस्त्याला देतो म्हणाला, तर हे सैतानाचं काम म्हणून गावानं नाकारली. त्या मानानं आमच्या काकू मवाळ. त्या एवढंच म्हणाल्या, "टाकीचं झाकण तेवढं नवं आणून द्या."

झाकण दिलं. आता खाली एक मोठा स्विच आहे: टाकला की कॉइलच्या तारा आपसांत शॉर्ट होतात आणि पंखा चिखलात रुतल्यासारखा जड होतो. पण तो वारं वाढायच्या आधी टाकायचा, उधळल्यावर नाही. बॅटरी भरली की करंट गाडीच्या जुन्या हेडलाइट बल्बांकडं वळतो. पाती दर दुसऱ्या मे महिन्यात बदलतो, उन्हात फुटोत न फुटोत.

तर भाच्या, बिलासाठी करणार असलास तर तेच पैसे सोलरला घाल. तरी करायचाच असला तर रविवारी ये. माळ्यावर आणखी एक जुना पंखा पडलाय, तो घेऊन जा. आण्णांना मी सांगतो. चुंबकं मात्र तुझी तू आण, आणि काकूंच्या बाजूला लावू नको.