घाटीच्या पलीकडचं शहर: छत्रपती संभाजीनगरात चार मुक्काम

अकरा वर्षांपूर्वी वडलांना घेऊन मी संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात बावीस दिवस होते. औषधाचं दुकान, चहाची टपरी आणि वॉर्ड एवढंच तेव्हा माझं शहर होतं. पाणचक्की तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. शाळेत पोरांना पाणचक्कीवर दोन-दोन तास शिकवलेली मी, पण त्या बावीस दिवसांत तिकडे फिरकले नाही. आपल्याकडच्या बहुतेकांचं असंच होतं. परभणी, हिंगोली, जालन्याहून माणूस संभाजीनगरला येतो तो दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी नाहीतर खंडपीठातल्या तारखेसाठी. काम उरकलं की परतीची गाडी.

यंदा दोघी निवृत्त झालो तेव्हा मैत्रिणीला म्हटलं, "एकदा कामाशिवाय जाऊ." ती म्हणाली, "जायचं तर मुक्कामी जाऊ." पितृपक्षात निघालो, कारण घरी कार्य नाही, ऊन उतरलेलं आणि पावसाने डोंगर हिरवे. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे परभणीहून जालनामार्गे बसनेच गेलो. खोली मध्यवर्ती बसस्थानकाजवळ घ्या, सगळीकडे जायला सोपं पडतं. लॉजवर गेल्या गेल्या पाण्याची वेळ विचारा आणि बादली भरून ठेवा.

रविवारी दुपारी पोचलो आणि सामान टाकून थेट पाणचक्कीवर. चक्की बघायला लोक दोन मिनिटं थांबतात, फोटो काढतात, जातात. तुम्ही निदान तासभर द्या, कारण खरी गंमत चाकात नाही, पाणी तिथवर आलं कसं त्यात आहे. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणलंय. पंप नाही, विजेचा प्रश्नच नाही, नुसता उतार आणि दाब. शेवटी ते एका उंच भिंतीत वर चढतं, तिथून हौदात कोसळतं आणि त्याच्या जोरावर चाकाची पाती फिरतात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी इथे पीठ दळलं जायचं. मैत्रीण भूगोलाची. ती भिंतीपाशी उभी राहून वहीत नळाची आकृती काढत बसली आणि मी वडाखाली बसून वडलांची आठवण काढली. पलीकडे खाम नदी आहे. तिची कळा मात्र बघवत नाही.

त्या संध्याकाळपासून आम्ही शहर पाण्याच्याच अंगाने बघितलं. निजामशाहीच्या मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली आणि तिच्या पाण्यासाठी नहर, म्हणजे जमिनीखालचा कालवा, खोदली. कोरड्या पठारावर राजधानी करायची तर पाणी पहिलं, हे त्याला पक्कं कळलं होतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हा सरदार तलवारीपेक्षा नहरीमुळेच मोठा वाटतो. त्याचा भडकल दरवाजा पाणचक्कीपासून जवळच आहे, जाता-येता बघून होतो.

सोमवारी देवगिरी. इथे माझं ठाम मत आहे: देवगिरी आणि वेरूळ एका दिवसात करू नका. गाडीवाले एकाच फेरीत किल्ला, खुलताबाद, वेरूळ, वर बीबी का मकबराही दाखवतो म्हणतात. पाय जातात आणि डोक्यात काही राहत नाही. कन्नड, चाळीसगावकडच्या एसटीला किल्ल्यावर थांबा आहे का विचारून सकाळीच बसा आणि ऊन चढायच्या आत वर जा. खालचा हत्ती हौद, मग भारतमाता मंदिर, पंधराव्या शतकातला चांद मिनार, इथवर सपाटी आहे. पुढे कातळात खोदलेला खंदक लागतो आणि मग अंधारी, म्हणजे कातळातला काळोखा भुयारी रस्ता. अंधारीत वटवाघळांचा वास, वळणं आणि निसरड्या पायऱ्या आहेत. मोबाईलवर भागवू नका, चांगली बॅटरी न्या, चपलेऐवजी बूट घाला, साडी असेल तर खोचून घ्या. गुडघे दुखत असतील तर अंधारीपाशी थांबायला लाज नको, खालचा किल्लाच अर्ध्या दिवसाचा आहे. आम्ही वरच्या बारादरी या महालापर्यंत गेलो, तीन ठिकाणी बसत.

वर बसून यादवांची ती गोष्ट आठवली. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं म्हणतात. एवढा कातळ तासला, एवढा खंदक खोदला, आणि पोत्याचं तोंड सोडून कुणी बघितलं नाही. पोषण आहाराची पोती मोजून घेण्यात माझी नोकरी गेली, म्हणून ही गोष्ट मला लागते. खाली सीताफळं विकायला होती, तीच जेवणाच्या जागी खाल्ली.

मंगळवारी वेरूळ बंद असतं, आणि अजिंठा सोमवारी. हे आधी बघा, आमच्या शेजाऱ्यांचं कुटुंब मंगळवारी दारावरून परत आलंय. म्हणून मंगळवारी गावातली लेणी केली. विद्यापीठामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि शहरातलेच कितीतरी लोक तिथे गेलेले नसतात. रिक्षावाल्याला थांबायचं ठरवूनच न्या, परतीला तिथे काही मिळत नाही. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकलेले, हात जोडलेले स्त्री-पुरुष आहेत, जवळजवळ आपल्या मापाचे. त्यांचे केस, दागिने, चेहरे सगळे वेगवेगळे. राजे-देव सगळीकडे दिसतात, अशी साधी भक्त माणसं क्वचित. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंना संकटात त्याचा धावा करणारे लोक कोरलेत, त्यात बुडणारी नावसुद्धा आहे. समुद्र इथून केवढा लांब! व्यापारी तांडे इथून जात असणार, तेव्हा कळतं.

तिथून मकबरा. ही औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरास बानूची कबर आहे, मुलगा आझमशहाने ती बांधली असं सांगतात, आणि तिला ताजमहालाशी तोलत बसलं की काहीच दिसत नाही. सूर्य कलताना जा.

रात्री शहागंजच्या बाजूला नान खलिया. मोठ्या देगेत शिजलेलं मटण आणि भट्टीतली जाड नान. तुघलकाच्या लष्कराबरोबर हे खाणं आलं असं सांगतात. मैत्रीण माळकरी, तिच्यासाठी आधी गुलमंडीवर जेवण आणि गरम इमरती केली. मी तिच्याबरोबर इमरतीही खाल्ली.

बुधवारी वेरूळ. चौतीस लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. सकाळी दहावं बघा. दगडाच्या छताला लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्यात. मग एकोणतीस, त्याच्या शेजारी पावसाळ्यात धबधबा कोसळतो, आम्हाला धार मिळाली. लांबच्या जैन लेण्यांना तिथल्या गाडीने जा, बत्तिसावं सोडू नका. कैलास दुपारनंतर ठेवा. तोंड पश्चिमेला असल्याने ऊन तेव्हा आत शिरतं. कळसापासून पायाकडे असा तो कोरत आणलाय, म्हणजे पहिला घाव घालणाऱ्याच्या डोक्यात पायथ्याचे हत्ती आधीच होते. आवारात गंगा, यमुना, सरस्वती या तिघींचं छोटं देऊळ आहे. मैत्रीण तिथून उठेना. घृष्णेश्वराचं दर्शन शेवटी घेतलं. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं.

इथल्या सुती-रेशमी विणकामाची हिमरू शाल घ्यायची असेल तर माग चालू असलेल्या ठिकाणी जा आणि हातमागाची की यंत्रावरची ते विचारून घ्या. पैठण आणि जायकवाडी धरणाचा नाथसागर आमचं राहिलं.

गुरुवारी बस दुपारची होती. सकाळी पुन्हा पाणचक्कीवर गेलो, येताना घाटीच्या फाटकापाशी दोघींनी चहा घेतला. बस जालन्याला थांबली तरी मैत्रिणीची ती नळाची आकृती पुरी व्हायची होती. पाणी भिंतीत वर कसं चढतं ते नातवाला कळेल असं काढायचंय, म्हणून तिसऱ्यांदा खोडत होती.