चारात एक की तिनात एक?

आरोग्य सर्वेक्षणांची आकडेवारी जुळवणं हे माझं काम. हे कळलं की लोक हमखास विचारतात, "एखाद्या देशातल्या मोठ्या माणसांपैकी किती जणांना मेटाबॉलिक सिंड्रोम असतो हो?" मी सांगतो, "साधारण चारात एक ते तिनात एक." त्यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो, "अहो, पण चारात एक की तिनात एक? केवढा फरक आहे!" फरक आहेच. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुळात हा एक आजार नाही, तो एक हिशेब आहे, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या पाच गोष्टींचा. कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, आणि एचडीएल, म्हणजे लोक ज्याला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात ते. या पाचांपैकी कुठलेही तीन हद्दीबाहेर गेले की माणूस यादीत आला. तीन, चार किंवा पाच जमण्याच्या एकूण 16 तऱ्हा होतात. एकाचं पोट, रक्तदाब आणि साखर बिघडलेली. दुसऱ्याचं पोट सपाट, पण साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल बिघडलेलं. साखर सोडली तर दोघांत काही समान नाही, तरी मोजणीत दोघंही एकेक.

आणि हद्द? ती हलत आली आहे. 1988 साली जेराल्ड रीव्हन या अमेरिकी डॉक्टरांनी 'सिंड्रोम एक्स' मांडला, तेव्हा त्यांच्या यादीत लठ्ठपणा नव्हताच. त्यांचा सगळा रोख शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, त्यावर होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही तेच केंद्रस्थानी राहिलं, पण इन्सुलिनचा असा हिशेब हजारो लोकांत करणं सोपं नाही. 2001 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी 'पाचांपैकी तीन' हा सुटसुटीत नियम आणला, तेव्हा आमच्यासारख्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात पुरुषाच्या कंबरेची हद्द 102 सेंटिमीटर होती आणि साखरेची 110. 2005 मध्ये साखरेची हद्द 100 वर आली. म्हणजे 104 साखर आणि आधीच दोन गोष्टी बिघडलेला माणूस रात्री यादीबाहेर झोपला आणि सकाळी यादीत उठला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं कंबर सक्तीची केली आणि हद्द खाली ओढली: युरोपीय पुरुषांना 94, दक्षिण आशियाई पुरुषांना 90. 2009 मध्ये सगळ्यांनी मिळून तडजोड केली आणि ती सक्ती उठवली.

याचा आकड्यावर काय परिणाम होतो, ते एका उदाहरणात दिसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 1999 ते 2002 दरम्यान तपासलेल्या सुमारे 3600 प्रौढांना दोन्ही व्याख्या लावून पाहिल्या. अमेरिकी व्याख्येनं 34.5 टक्के, महासंघाच्या व्याख्येनं 39 टक्के. माणसं तीच, रक्त तेच.

टेपची गोष्ट तर वेगळीच. नवीन मोजणाऱ्यांना शिकवताना मी एकाच माणसाला तिघांकडून मोजून घेतो. तीन आकडे येतात. एकानं टेप बेंबीवर धरलेली असते, दुसऱ्यानं कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला, तिसऱ्यानं शेवटची बरगडी आणि ते हाड यांच्या मधोमध. शेवटच्या दोन्ही पद्धती अधिकृत आहेत, फक्त वेगवेगळ्या सर्वेक्षणांच्या. शिवाय टेप दिसली की माणूस पोट आत ओढतोच, त्याला इलाज नाही. बाई असो की पुरुष, वय काहीही असो. मग त्याला गप्पांत गुंतवायचं आणि श्वास सहज सुटला की त्या क्षणी आकडा वाचायचा. हद्दीच्या आसपासच्या माणसाचा निकाल एवढ्यावर फिरतो.

वयाचा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. त्याच अमेरिकी सर्वेक्षणाच्या 1988 ते 1994 च्या फेरीत विशीतल्यांमध्ये प्रमाण 6.7 टक्के होतं आणि साठीतल्यांमध्ये 43.5. त्यामुळे एखादा देश नुसता म्हातारा होत गेला, कुणाचीही कंबर एका बोटानं वाढली नाही, तरी त्याचा आकडा चढतो. दोन देशांची तुलना करायची तर दोघांची वयं आधी एका मापात आणावी लागतात. बातमीत हे सहसा नसतं. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याचीच.

गोळ्यांवरून वादही होतात. "माझं बीपी तर नॉर्मल आहे, मला का मोजलंत?" नॉर्मल आहे ते गोळीमुळे, म्हणून मोजलं. मला हा नियम योग्य वाटतो.

या सगळ्या मोजणीला अर्थ आहे का, असंही विचारलं गेलंय. 2005 मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेह तज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून शंका घेतली: पाच धोके सुटे सुटे पाहण्यापेक्षा या नावानं जास्त काय कळतं? एकेका रुग्णापुरतं मला ते पटतं. देशाचा कल दर काही वर्षांनी पाहायला मात्र हा हिशेब उपयोगी पडतो. अट एकच, दोन्ही वेळा व्याख्या आणि टेपची जागा तीच हवी.

तरी एक गोष्ट मला खुपते. एखाद्याची साखर भलतीच वाढलेली असते, रक्तदाबही तसाच, पण बाकीचे तीन आकडे हद्दीच्या आत. दुसऱ्याचे तीन आकडे हद्दीच्या जेमतेम बाहेर. तक्त्यात दुसऱ्यापुढे एक लागतो आणि पहिल्यापुढे मी शून्य लिहितो.