मारिओसारखं काही आहे का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं छोटं दुकान आहे. जुने-नवे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीन, सेकंडहँड डिस्क, दुरुस्तीला आलेले कंट्रोलर आणि आतल्या खोलीत तासावर खेळायला तीन टीव्ही. चाळिशीतला माणूस पोराला घेऊन आला की पोरगं सरळ फुटबॉलच्या डिस्ककडं जातं आणि बाप काउंटरवर वाकून हळूच विचारतो, "मारिओसारखं काय हाय का ओ? उड्या मारायचं?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला. "बंदच झाले काय ते गेम?" आठवड्यातून एकदा तरी हे होतंच. मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, म्हणून मी "आता तसले येत नाहीत" म्हणून मोकळा होतो. उड्यांचे गेम गेले कुठं, हे तुम्हीही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

आधी ती उडी काय चीज होती ते बघा. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये पिंपांवरून उड्या मारणारा सुतार हाच पुढं मारिओ झाला. 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला १९८५ ला. आपल्या गल्लीत तो पोचला नव्वदीत, नकली मशीनवर, पिवळ्या कॅसेटमधून. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं. खरे गेम दहाबारा, बाकी तेच, नावं बदलून. पावसाळ्यात शिवाजी पुलावरून पंचगंगेत उडी टाकणारी पोरं तुम्ही बघितली असतील. पाय सुटला की विषय संपला, हवेत वळता येत नाही. मारिओला येतं. बटण दाबून धरलं तर उडी उंच, लगेच सोडलं तर बुटकी, आणि हवेत असतानाही मागं सरकता येतं. खोटीच उडी, पण अंगठ्याला खरी वाटते. आख्खा गेम त्या एका उडीवर उभा होता. पहिल्याच पडद्यावर समोरून ते तपकिरी ध्यान चालत येतं, धडकला की मेला, दुसऱ्या वेळी तुम्ही उडी मारता. झाली शिकवणी. तीन लाईफ, ते संपले की "आउट झालास, दे इकडं". म्हणजे मशीन एक, पोरं पाच, आणि बघणाऱ्यालाही तेवढीच मजा.

घोळ झाला १९९६ ला. 'सुपर मारिओ ६४', 'क्रॅश बँडिकूट' आणि 'टूम रेडर' हे तिन्ही त्याच वर्षीचे. गेम थ्रीडी झाले. बाजूनं बघताना खड्डा किती रुंद हे डोळ्याला एका नजरेत कळतं. मागून बघताना नाही कळत. पुलावर उभं राहिलं की पाणी किती खाली आहे याचा अंदाज फसतो ना, तसं. मग ज्यानं त्यानं आपापला तोडगा काढला. मारिओच्या पायाखाली गोल सावली टाकली आणि ढगावर बसलेल्या एका कासवाच्या हातात कॅमेरा दिला. म्हणजे उडीही सांभाळा आणि कॅमेराही. क्रॅशला सरळ बोळातच पळवलं, इकडं तिकडं जायचा प्रश्नच नको. 'टूम रेडर'मधल्या लाराची तर सगळी दुनियाच चौकोनात मापलेली. एक उडी मागं, मग पळत येऊन उडी, अंतर ठरलेलं. सेगा कंपनीनं 'सॉनिक एक्स-ट्रीम' म्हणून मोठा थ्रीडी गेम करायला घेतला होता, तो अर्ध्यातच सोडून दिला. जे साध्या पडद्यावर सहज जमत होतं त्याला आता डोकं, वेळ आणि पैसा तिप्पट लागायला लागला, आणि एवढं करून पाचशे वेळा खड्ड्यात पडायचं ते पडायचंच.

पण माझ्या मते खरा मार बसला तो पुढं. उडी सगळ्याच प्रकारच्या गेमांना मिळाली आणि नुसत्या उड्यांचा गेम मागं पडला. नॉटी डॉग ही कंपनी बघा. क्रॅश त्यांचाच. मग २००१ ला 'जॅक अँड डॅक्स्टर', तोही उड्यांचाच. २००३ ला त्याच जॅकच्या हातात बंदूक आली, शहर आलं, गाड्या आल्या. २००७ ला 'अनचार्टेड': कडे चढायचे, लोंबकळायचं, पण जास्त वेळ गोळीबार. २०१३ ला 'द लास्ट ऑफ अस', त्यात उडीला काही किंमतच उरली नाही. किंवा 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड' घ्या, तोही २००७ चा. सुरुवातीला तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या उड्यांच्या गेमचाच पुढचा भाग म्हणून करायला घेतला होता. जुन्या प्रिन्सला एक पाऊल चुकलं की खाली सुळे. या नव्या गड्याचं बटण दाबून धरा, तो आपला आपण भिंत चढतो. दिसायला लई भारी, पण चुकायची सोयच काढून टाकल्यावर ती उडी कसली? नुसतं चालणंच की ते, जरा उंचावरून.

यात माझ्यासारखेही आले. तासावर खेळायला येणारी चार पोरं एकाच टीव्हीवर फुटबॉलची मॅच लावतात, हरलेला पैसे भरतो, परत मॅच. उड्यांचा गेम एकटा खेळतो आणि बाकीचे आता बघत बसत नाहीत, मोबाईल काढतात. डिस्क विकत घेणारासुद्धा विचारतो, किती दिवस पुरेल? ऑनलाईन आहे का? दहाबारा तासांत संपणाऱ्या गेमला तो तेवढेच पैसे का घालेल? आणि नुसती धावून उडी मारायची हौस असेल तर 'टेंपल रन' आणि 'सबवे सर्फर्स' फोनवर फुकटात आहेतच.

आता एक कबुली. 'बंद झाले' हे माझ्या फळीवरून दिसणारं चित्र आहे. 'हॉलो नाइट', 'सेलेस्ट' असले गेम अगदी लहान टोळक्यांनी केलेत, कसलेले गडीही त्यात घाम पुसतात, पण लोक ते थेट डाऊनलोड करतात. डिस्क माझ्याकडं येणार कुठून? मारिओ तर निंटेंडोच्याच मशीनवर, आणि माझ्याकडं ते मशीन आलं तर कुणाच्या तरी पाहुण्यांनी परदेशातून आणलेलं. २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'चा खप २ कोटींच्या वर गेला. २०२४ चा 'अ‍ॅस्ट्रो बॉट' उड्यांचाच, आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या गेमांच्या पुरस्कारांत पहिला नंबर त्याचा. गर्दी ओसरली हे खरं. पण जे उरलेत ते लेचेपेचे नाहीत.

आणि गंमत म्हणजे सोनीच्या प्रत्येक पीएस फाइव्ह मशीनच्या पोटात त्याच अ‍ॅस्ट्रोचा उड्यांचा गेम 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' फुकट भरलेलाच येतो. माझ्याकडच्या पोरांनी तो कधी उघडलेला नाही. परवा पाऊस मोठा होता, गिऱ्हाईक नव्हतं, एका बापानं नेहमीचा प्रश्न विचारला. मी त्याला आत नेऊन तोच लावून दिला. पहिली पाच मिनिटं तो दर उडीला स्वतःच खांदा उचलत होता. एका फटीत चार वेळा पडला. पोरगं कंटाळून म्हणालं, "पप्पा, द्या की इकडं."

"थांब लेका, अजून लाईफ हाय."

त्या गेममध्ये लाईफ मोजतच नाहीत. मी काही बोललो नाही.