उजनीच्या काठी कॅम्परव्हॅन: शेवटचे चारशे मीटर

उजनी धरणाकाठच्या एका मुक्कामाच्या जागेच्या जाहिरातीत तीन गोष्टी होत्या. गर्द झाडी, गाडी थेट पाण्यापर्यंत, आणि कॅम्परव्हॅनसाठी लाइटचा स्वतंत्र पॉइंट. तिन्ही खोट्या निघाल्या. पैकी दुसरीनं आमचे साडेपाच तास, गाडीचा बंपर आणि सात हजार रुपये घेतले. सोलापूरहून उजनीच्या काठी गाडीतच मुक्काम करायचा बेत आणखी बऱ्याच जणांचा असतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. मी, बायको, ताई आणि दाजी. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली चार जणांच्या झोपायची गाडी पुण्याहून मागवली होती, दिवसाला नऊ हजार, चालकासह. टेंभुर्णीला महामार्ग सोडून जेऊरकडे वळलो. गळीत हंगामात या रस्त्यावर अंधार पडल्यावर गाडी घालू नका. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरच्याचे हेडलाइट डोळ्यांवर आले की पुढची ट्रॉली दिसतच नाही. आम्ही साडेचारला जेऊर ओलांडलं, तेवढं एक शहाणपणाचं झालं. करमाळ्याच्या बाजूनं भिगवणकडे जाताना कोंढार चिंचोली–डिकसळचा इंग्रजांच्या काळातला पूलही अशा जड गाडीनं ओलांडायचा विचार करू नका. फिरून महामार्गानंच जा.

जागेवर पोचलो तर झाडी म्हणजे वेडी बाभूळ. तिच्या सावलीत कुणी बसत नाही, आणि तिचा काटा टायरला पुरून उरतो. गावातून खाली येणारी कच्ची वाट एका लिंबाच्या झाडापाशी संपत होती. झाड जुनं, सावली चांगली, जमीन मुरमाड. गाडी तिथंच लावायला हवी होती आणि आमच्या चालकाचंही तेच म्हणणं होतं. पण पाणी तिथून तीन-चारशे मीटर लांब. जागेवाला म्हणाला, "घ्या की खाली बिनधास्त, कालच उसाचा ट्रॅक्टर गेलाय इथनं." प्रतिमाणशी अठराशे घेतलेल्या माणसाचा शब्द आम्ही मानला.

इथं धरणाचं गणित समजून घ्या, कारण सगळी फसगत त्यातच आहे. उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. म्हणजे धरण 'मायनस'मध्ये, मृतसाठ्याच्या पातळीखाली गेलं तरी पाणी पुष्कळ असतं, फक्त ते काठापासून लांब गेलेलं असतं. पाणफुगवट्याची जमीन सपाट आहे. पातळी थोडी उतरली तरी पाणी शेकडो फूट मागे सरकतं. रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणाचं पाणी सुटलं की उघडं पडतं ते गाळपेरीचं रान, पाणी हटलेल्या गाळात पेरायची जमीन. वरून ऊन लागून त्याची पापडी होते, भेगा पडतात, पाय ठेवला तर खडखडीत वाटतं. आत वर्षानुवर्षांचा काळा गाळ, लोण्यासारखा. ट्रॅक्टरची चाकं मोठी आणि रुंद असतात, तो निघून जातो. तीन-साडेतीन टनांची ट्रॅव्हलर छोट्या चाकांवर उभी असते.

दोनशे मीटर गेलो आणि मागचं डावं चाक बसलं. आवाजसुद्धा झाला नाही. गाडी फक्त कलली आणि आत ओट्यावरची शेंगाचटणीची बरणी घरंगळत जाऊन दाराशी फुटली. चालकानं एकदा रेस केलं तसं चाक आणखी वीतभर खाली गेलं. दुसऱ्यांदा त्यानं इंजिनच बंद केलं, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. चाक फिरवत राहिलो असतो तर डिफरन्शियल (मागच्या आसाचा गोळा) टेकला असता आणि क्रेनशिवाय गाडी निघाली नसती.

जागेवाल्यानं चुलतभावाचा ट्रॅक्टर बोलावला. आधी भाव: सात हजार, रोख, गाडी हलायच्या आत. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, बायका गाडीत, आजूबाजूला दुसरं कुणी नाही. दिले. त्यानं दोर पुढच्या बंपरला बांधला आणि चालक नको नको म्हणत असताना हिसका दिला. बंपर एका बाजूनं उचकटून आला, गाडी जागची हलली नाही. मग "आता सकाळीच बघू" म्हणून तो निघून गेला. पैसे परत मिळाले नाहीत, आजतागायत नाहीत.

गाडी काढली ती शेजारच्या तुकड्यात हरभरा केलेल्या एका आबांनी. बॅटरीचा उजेड बघून आले. चाकाशी उकिडवे बसले, हातातली काठी गाळात खुपसली, ती ढोपरभर आत गेली. म्हणाले, "पाव्हणं, हे वरनं वाळतंय, आतनं वल्लंच ऱ्हातंय. फुडं वडायचंच न्हाई, आल्या वाटंनं माघारी घ्यायचं." पुढचे दोन तास त्यांनी सांगितलं तसं केलं. गाडीतलं पाणी सोडून दिलं, शंभर लिटरची टाकी होती, म्हणजे शंभर किलो वजन उतरलं. मागच्या टायरची हवा निम्मी केली. चाकाच्या मागचा गाळ खोऱ्यानं उताराचा कापला, त्यात उसाचं पाचट दाबून भरलं, वर ओली बारदानं अंथरली. साखळी चासीच्या मागच्या हुकाला लावली. त्यांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर आमच्याच चाकोरीच्या रेषेत मागे उभा केला आणि झटका न देता हळूहळू ओढ घेतली. तिसऱ्या ओढीला गाडी सुटली. ताईला रडूच आलं. आबांनी डिझेलचे तीनशे घेतले, तेही आम्ही पुतण्याच्या खिशात कोंबले म्हणून.

गाडी रात्री पावणेबाराला लिंबाखाली लागली, जिथं ती पाच वाजताच लागायला हवी होती.

म्हणून आधी उतरून चाला. हातात काठी किंवा पहार घ्या आणि दर दहा पावलांवर खुपसा. वीतभर आत गेली की गाडी तिथं जाणार नाही, मग कोणी काहीही सांगो. पाणी भरल्यावर कुठपर्यंत येतं ती रेघ काठावर स्पष्ट दिसते, तिथं वाळलेला पाला आणि शिंपल्या अडकलेल्या असतात. त्या रेघेच्या खाली चाक घालायचं नाही. खुर्च्या घेऊन पाण्यापर्यंत चालत जा, पाचच मिनिटं लागतात. गाडीत जाड साखळी, खोरं, चार रिकामी पोती आणि हवा भरायचा पंप ठेवा. ओढायचा हुक कुठं आहे ते गाडी ताब्यात घेतानाच चालकाकडून बघून घ्या. बंपरला दोर बांधू देऊ नका, भांडायची वेळ आली तर भांडा.

लाइटच्या पॉइंटचं थोडक्यात सांगतो. तो शेतीपंपाच्या लाइनवरून ओढलेला होता. ही वीज पाळीनं असते, काही तास दिवसा तर कधी रात्री, आणि दाब इतका कमी की चार्जर चालूच होईना. या पॉइंटचे पाचशे वेगळे लावले. जानेवारीत एसी लागत नाही, बॅटरीवर दिवे आणि पंखा रात्रभर चालला. मार्चपासून आपल्याकडचं ऊन बघता पंधरा अँपियरचा खात्रीचा पॉइंट नसेल तर अशा गाडीत झोपायला जाऊच नका, आत भट्टी होते. फोनवर एकच विचारा: लाइन गावठाणाची आहे की शेतीची?

संडासाच्या टाकीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. जागेवाल्यानं सहज सांगितलं, "खाली बाभळीत सोडा." आम्ही सोडलं नाही. सोलापुरात आपल्या नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी जे पाणी येतं, ते याच उजनीचं. तिथून पाइपलाइननं येतं, आणि पोरं तेच पितात. टाकी झाकण लावून परत आणा आणि विचारून पेट्रोल पंपाच्या संडासात रिकामी करा. भांड्यांचं साबणाचं पाणीसुद्धा पाण्यापासून लांब, मुरमावर टाका.

सकाळी सहाला अंग ठेचल्यासारखं झालं होतं, तरी चालत गेलो. धुकं उठलं आणि समोर उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) उभे होते, दोनेकशे तरी असतील. माना खाली घालून गाळ चाळत होते, आदल्या रात्री आम्हाला गिळायला निघालेला तोच गाळ. पट्टकादंबांचा (डोक्यावर पट्टे असलेल्या रानहंसांचा) एक थवा डोक्यावरून गेला तेव्हा दाजी मोठ्यांदा ओरडले. पैसे वसूल झाले असं त्या घटकेला वाटलं आणि अजूनही वाटतं. होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट अंगावर चढवल्याशिवाय पाय टाकू नका. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी होडी उलटून सहा जण गेले, तेव्हा अचानक वादळी वारं सुटलं होतं.

पुढचे दोन दिवस नळदुर्गच्या बाजूला, बोरी धरणाच्या काठी काढले. चिंचेची झाडं, डांबरीपासून वीस पावलं, काही त्रास नाही. किल्ल्यातला पाणीमहाल बघितला. खरी झाडी आणि पाणी एकत्र हवं असेल तर उजनीपेक्षा तिकडेच जा. हिप्परग्याला १८७१ सालच्या एकरुख तलावावर मुक्कामाचा विचार होता, पण परवानगीचं आधी विचारलं नव्हतं, म्हणून नुसती चक्कर मारली.

गाडी परत करताना बंपरचे सहा हजार अनामतीतून कापले. गाडी घेताना चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढून ठेवा. आमच्याकडे मागच्या बाजूचा फोटो नव्हता, तिथला जुना चराही आमच्याच नावावर लागला.

ऑक्टोबरात परत जाणार आहोत. धरण भरलेलं असलं की पाणी त्या लिंबापर्यंत येतं असं आबांनी सांगितलंय. या वेळी उतरायचं त्यांच्याच बांधावर. त्यांच्यासाठी खोबऱ्याची वडी न्यायची, असं ताईनं आत्ताच ठरवून टाकलंय.