दोन बॅच लावू का, मॅडम?

टायपिंगची परीक्षा महिन्यावर आली की पालक जिना चढून वर येतात. एरवी फी भरायलाही न फिरकणारी माणसं. प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, पोराला दोन बॅच लावू का? सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. फीचं बघू की आपण." माणूस आपणहून जादा फी द्यायला तयार आहे आणि मी नको म्हणते. आमच्या मिस्टरांना हे अजून पटलेलं नाही.

नको म्हणायला आधार आहे, आणि तोही टायपिंगचाच. ब्रिटनमध्ये पत्रांची वर्गवारी यंत्रावर करायची ठरली तेव्हा पोस्टमन लोकांना कीबोर्ड शिकवायचा प्रश्न आला. बॅडली आणि लाँगमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला रोज एकच तास. दुसऱ्याला सलग दोन तास. तिसऱ्याला तासातासाच्या दोन बैठका. आणि चौथ्याला दोन-दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे आमच्या पालकांची लाडकी योजना. 1978 मध्ये त्यांनी निकाल छापला. रोज एक तास बसणाऱ्यांना कीबोर्ड यायला सुमारे 35 तास लागले, चार तास बसणाऱ्यांना सुमारे 50. वरचे पंधरा तास पाण्यात. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त कुरकुर एक तासवाल्यांचीच होती, कारण दिवस सरत होते आणि आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. ते पोस्टमन आणि आमच्या सोलापूरच्या अशोक चौकाकडचे पालक एकाच गोत्राचे म्हणायचे.

आता हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 35 तास म्हणजे 35 दिवस, आणि रोज चार तासांनी 50 तास म्हणजे तेरा दिवस. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर चार तासवालाच आधी पोचतो. हे मी पालकांपासून लपवत नाही. फक्त एवढंच विचारते की जूनमध्ये कुठं होता?

आता अम्माबद्दल. माझी अम्मा विड्या वळायची. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्याला यात काही नवल नाही, मांडीवर सूप घेतलेली बाई गल्लीत कुठंही दिसेल. भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. अम्मा शेजारणीशी तेलुगूत गप्पा मारायची, मला पाढे म्हणायला लावायची, चुकले की बरोबर पकडायची, आणि हात त्याच चालीत चालू. एकदा मी विचारलं, दुमडताना कुठलं बोट आधी जातं? तिला सांगता येईना. मग तिनं एक विडी हळूहळू वळली, स्वतःच्याच हाताकडे परक्यासारखं बघत. "हे बोट दिसतंय बाई," म्हणाली.

टायपिंग शिकवायला लागल्यावर कळलं की हे फक्त अम्माचं नव्हे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गॉर्डन लोगन यांच्या प्रयोगशाळेत 2014 मध्ये शंभर जणांना टाइप करायला लावलं. सरासरी वेग मिनिटाला 72 शब्द, अचूकता 94 टक्के. नंतर कोऱ्या कीबोर्डचं चित्र देऊन अक्षरं भरायला सांगितली, तर सरासरी 26 पैकी 15च बरोबर. ज्या कळा बोटं डोळे मिटून गाठतात त्या डोक्याला सांगता येत नाहीत. माझ्या वर्गात कुणी कीबोर्डचा तक्ता घोकायला लागलं की मी तो तक्ता काढून घेते.

त्याच लोगननी मॅथ्यू क्रम्प यांच्याबरोबर 2010 मध्ये आणखी एक खोडी केली होती, ती मला फारच आवडते. चांगलं टाइप करणाऱ्यांच्या काही चुका स्क्रीनवर गुपचूप दुरुस्त केल्या, आणि काही ठिकाणी त्यांनी न केलेल्या चुका घुसवल्या. माणसं स्क्रीनवर विश्वास ठेवून मोकळी झाली. दुरुस्त झालेल्या चुकांचं श्रेय घेतलं, घुसवलेल्या चुका आपल्याच माथी मारून घेतल्या. बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली की पुढची कळ दाबताना बोट जरासं रेंगाळायचं, मग स्क्रीन काहीही दाखवो. घुसवलेल्या चुकीनंतर रेंगाळायचं नाही. म्हणजे चुकीची खबर मज्जासंस्थेत एका पातळीवर आधीच लागलेली असते, आपल्याला ती कळो न कळो.

आणि वेगाचं म्हणाल तर तिथं विचाराला जागाच नसते. इंग्रजी मिनिटाला साठ शब्दांच्या वेगात, शब्दाला पाच कळा धरल्या तर, सेकंदाला पाच कळा होतात. एका कळेला 200 मिलिसेकंद. दिवा लागलेला दिसला की बटण दाबायला माणसाला साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे एक कळ बघून, तपासून मग दुसरी दाबावी म्हटलं तर हे गणित बसतच नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी 1951 मध्येच हा मुद्दा मांडला होता. पियानो वाजवणाऱ्याची बोटं सेकंदाला सोळा हालचालींपर्यंत जातात, तेव्हा एका हालचालीची जाणीव पोचून तिनं दुसरी सुरू होते हे म्हणणं टिकत नाही. अख्खी ओळ आधीच मांडलेली असावी लागते.

मराठी टायपिंगवाल्याला हे सांगायला लॅशली लागत नाही. टाइपरायटरच्या मांडणीच्या रेमिंग्टन कीबोर्डवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. 'किती' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. उच्चारात क आधी येतो, बोटांत मागून. रफाराचं उलटं. 'सर्व' मध्ये र मधला, पण बोट स आणि व मारून झाल्यावर परत त्याच्याकडे येतं. नवीन मुलगा इथं अडखळतो, कारण तो एकेक अक्षर वाचून मारत असतो. ज्याचं डोकं एक अक्षर पुढं पळायला लागलं त्याचा अडथळा एक दिवस आपोआप नाहीसा होतो, आणि कधी झाला हे त्यालाही सांगता येत नाही. मोबाईलवर 'kiti' असं रोमन लिपीत टाइप करून आलेल्या मुलांना तर दुप्पट त्रास. आधीची सवय मध्ये येत राहते. त्यांना पहिले काही दिवस फक्त वेलांटीचेच शब्द देते. किती, दिवस, निवड, शिकवण. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

हातावर टॉवेल टाकण्याची आमची पद्धत क्लासला पहिल्यांदा येणाऱ्यांना विचित्र वाटते. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. हात आणि कळा झाकल्या की डोळ्यांना मदत करायला काही उरत नाही आणि बोटांना स्वतःच जागा शोधावी लागते. वेग निम्म्यावर येतो. तो येऊच द्यायचा असतो. चुकीचा क्रम दहा वेळा भरभर मारला तर मज्जासंस्था तो क्रम पक्का करते. तो क्रम चुकीचा आहे म्हणून ती सोडून देत नाही. सुरुवातीला बॅकस्पेसला हात लावायचा नाही, हा नियम त्यासाठीच. बॅकस्पेस मारत बसलं की चूक अधिक बॅकस्पेस असा एकच क्रम बोटांत बसतो, आणि मोठी मोठी माणसं तो आयुष्यभर वाहतात.

विश्रांतीचं शास्त्र मात्र मला अजूनही थक्क करतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 2019 मध्ये उजव्या हाताच्या निरोगी माणसांना डाव्या हातानं 4-1-3-2-4 हा क्रम दहा सेकंद जमेल तितक्या वेळा मारायला लावला. मग दहा सेकंद थांबायचं. पुन्हा दहा सेकंद. सुरुवातीच्या काळातली सुधारणा कुठं होते हे मोजलं तर ती मारताना होत नव्हती, मधल्या थांब्यात होत होती. त्याच प्रयोगशाळेनं 2021 मध्ये मेंदूतले संकेत तपासले, तर थांब्यात मेंदू तोच क्रम सुमारे वीस पट वेगानं स्वतःशी पुन्हा चालवत असल्याचं दिसलं. या फायद्याचा अर्थ नेमका काय लावायचा यावर संशोधकांत मतभेद आहेत, ते असोत. आमच्या वर्गात दोन ओळी झाल्या की हात मांडीवर. "मॅडम, वेळ वाया जातोय," असं दर बॅचला एक तरी म्हणतोच.

झोपेचंही तसंच. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये बोटांचा असाच क्रम शिकवला. रात्रभर झोपून आलेल्यांचा वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढला, तेवढाच वेळ जागे राहिलेल्यांचा विशेष नाही. नंतर या टक्केवारीवर वाद झाले, झोपेचा वाटा कमी आहे असं काहींनी दाखवलं. तरी एप्रिल-मेच्या उकाड्यात, लाइट गेलेली असताना रात्रभर तळमळून सकाळी सातच्या बॅचला आलेलं पोर मी लगेच ओळखते. त्याला नवा धडा देत नाही.

या सगळ्यात मला राग येतो तो पेपरमध्ये घालून येणाऱ्या त्या रंगीत पत्रकांचा. 'मेंदू तल्लख करा', 'मिड-ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन', डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखणारी मुलं. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून खाली बघता येतं, ही गोष्ट अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी किती वेळा उघडी पाडली, तरी पत्रकं येतच राहतात. मोबाईलवरचे मेंदूचे खेळ जरा सभ्य, पण त्यांचंही तेच. 2010 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत अकरा हजारांहून जास्त लोकांवरचा सहा आठवड्यांचा प्रयोग छापून आला होता. जो खेळ खेळला त्यात माणसं सुधारली, बाकी कशात नाही. 2016 मध्ये अमेरिकेत ल्युमॉसिटी या अशाच खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीला तिच्या जाहिरातींतल्या दाव्यांबद्दल वीस लाख डॉलर भरावे लागले. मला तरी यात आश्चर्य वाटत नाही. अम्माची बोटं विडीत पटाईत झाली, म्हणून सुईत दोरा ओवायला काही ती आमच्यापेक्षा सरस नव्हती.

क्रॉसमन या संशोधकांनी 1959 मध्ये यंत्रावर सिगार बनवणाऱ्या कामगार बायकांचा वेग मोजला होता. दोन वर्षं झाली, लाखो सिगार झाले, तरी वेग थोडा थोडा वाढतच होता. थांबला तो यंत्राची मर्यादा आल्यावर. त्यांच्या तक्त्यात एक कोटी सिगार केलेल्या बायकांपर्यंत नोंदी आहेत. मी अम्माचा हिशेब मांडून बघितला. रोज हजार, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला तीन लाख. एक कोटीला तेहतीस वर्षं. अम्मा बसते त्या तक्त्यात. तिला सांगितलं तर म्हणाली, मजुरी किती मिळाली त्या बायांना?

परीक्षेच्या हॉलमध्ये हात थंड पडतात, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात येतो. भीतीनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं गार होतात, त्यात चमत्कार नाही. मी सांगते, हात चोळा, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, त्यानं हृदयाचे ठोके जरा खाली येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोटांचा विचार करू नका, नजर पॅसेजवर ठेवा. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सिअन बायलॉक यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवर हे करून दाखवलंय. मुरलेल्या खेळाडूला स्वतःच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावलं की त्याचा खेळ बिघडतो, नवशिक्याचा उलट सुधारतो. म्हणून पहिल्या महिन्यात 'बोट बघ, बोट बघ' म्हणणारी मी शेवटच्या आठवड्यात त्याच मुलांना बोट हा शब्दही काढू देत नाही.

मॉक टेस्ट मी सुट्टीच्या दिवशी ठेवते. आमच्या क्लासच्या खाली माग चालतात. रोजच्या खडखडाटात प्रॅक्टिस झालेली पोरं हॉलच्या शांततेत बिचकतात, स्वतःच्या कळांचा आवाजसुद्धा त्यांना मोठा वाटतो. माग बंद असलेल्या दिवशी पहिल्या पॅसेजला जवळजवळ सगळ्यांचा स्पीड पडतो. तो पॅसेज मी तपासतच नाही. दुसऱ्यापासून धरते.